टाळ वाजवल्याची शिक्षा

या, जवळ सरका, गोष्ट ऐका. मणका मोडलेल्या सोपानकाका धुमाळांच्या मनगटावर सरकारच्या शहाण्यांनी वेदना मोजणारा पट्टा बांधला होता. दुखलं तरच पेन्शन. एकादशीच्या कीर्तनात टाळ वाजवता वाजवता काका तासभर दुखणं विसरले. सकाळी पट्टा गोड आवाजात बोलला, "अभिनंदन! आपण बरे झालात. पेन्शन बंद."

"अरे मेल्या, देवापुढं नाही विसरायचं तर कुठं?" काका कडाडले.

"अपिलासाठी महिनाभर सलग दुखू द्या."

पुढच्या एकादशीला देवळात मृदंग घुमला, तेव्हा काका घरात कानांत कापसाचे बोळे घालून बसले होते. चुकून आनंद झाला तर? द्वारकाकाकू पट्ट्यावर खेकसल्या, "मोज रे मुडद्या, आता मोज!"

मंडळी, टाळ हाती घ्याल तेव्हा काकांची आठवण ठेवा.