जर्मनबाबाचा दिवा

विहिरीवरचे पत्रे ओढून काढले तसा आतून कुबट वास आला. पंजाबराव नाकाला रुमाल लावून मागे सरले. बोअर लागला तेव्हापासून संत्र्याच्या बागेतली ही विहीर झाकून पडली होती. आता बोअर आटला, झाडांनी माना टाकल्या, आणि गाळ काढायला बाळापूरहून जर्मनवाल्यांना बोलावणं गेलं.

जर्मनवाले म्हणजे अब्दुल रहीम आणि त्याचा मुलगा सरफराज. खरं आडनाव आधार कार्डापुरतं; थेट चांदूर बाजारपर्यंत लोक त्यांना याच नावाने ओळखतात. बापलेकांचे डोळे घारे. ते कुठून आले, हे अब्दुल रहीमला विचारावं लागत नाही.

"आमचे परदादा जर्मन होते, पाटील," दोर उलगडता उलगडता तो सांगू लागला. "इंग्रजाच्या राज्यात अकोल्याले कापसाचं प्रेस बसवाले आले अन् इथंच राह्यले. आमच्या घरची पोरगी केली, कलमा पढला, मंग जिंदगीभर विहिरी खोदल्या. त्यांच्या विहिरीत कधी माणूस नाई मेला. एकबी नाई."

बढाई वाटावी, पण खरं होतं. कोणालाही उतरू देण्याआधी जर्मनबाबा पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील विझला की उतरायला निघालेल्या मजुराचं मनगट धरून त्याला मागे खेचायचा, आणि त्या दिवशी काम बंद. झाकल्या विहिरीत वाईट हवा साचते, दिवा गुदमरतो तिथे माणूसही गुदमरतो, एवढंच त्याचं म्हणणं. पण बाबाला धड मराठी येत नव्हती, उर्दूची तर बोंबच होती, आणि समजावून सांगण्याचा त्याचा पिंडही नव्हता. मनगट धरायचं, ओरडायचं, की झालं. लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. तो गेल्यावर घरात उरलं ते इतकंच: दिवा सोडायचा, बाबाला सलाम करायचा. दिवा जळत राहिला तर बाबा राजी, विझला तर नाराज. समजूत भाबडी खरी, पण तिने पिढ्यान्पिढ्या या घरातली माणसं जिवंत वर आणली.

सरफराजने पिशवीतून कंदील काढला. आकार तोच, काच तशीच, वर धरायला कडीही तशीच. फक्त आत वात नव्हती, बॅटरी होती.

"राजापेठेतून आणला," तो म्हणाला. "रॉकेल कुठं भेटते आता? अन् ह्याचा उजेड पाहा ना काका, तळातला गोटा गोटा दिसते."

तेवढ्यात पंजाबरावांची बायको सत्यभामा पूजेचं ताट घेऊन आली. नारळ, हळदकुंकू, तुपाचं निरांजन. "भाऊ," ती अब्दुल रहीमला म्हणाली, "आधी माह्यं निरांजन टोपलीत ठेवून खाली सोडता का? इतक्या सालांनी विहीर उघडून राहिलो."

अब्दुल रहीमने कानाच्या पाळीला हात लावला. "माफ करा वहिनी. बाबाच्या आधी दुसरा दिवा उतरत नाई. आमच्यात चालत नाई ते. तुमची पूजा काठावर होऊ द्या."

इथे त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. पण तो काही वावगं बोलत नव्हता, घरची रीत पाळत होता. सत्यभामेलाही राग आला नाही. ज्याच्या त्याच्या घरचा नेम. तिने निरांजन काठावरच ओवाळलं.

कंदील खाली गेला. अब्दुल रहीमने डोळे मिटून सलाम केला, मग वाकून पाहिलं. तळाशी पांढरा स्वच्छ उजेड होता.

"बाबा राजी हायेत."

"अन् नाराज असले तं?" पंजाबरावांनी विचारलं.

"तं दिवा विझते. अब्बाच्या वक्ताले असाच विझला होता, आमी भाड्याची गाडी तशीच वापस फिरवली." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "पण हा नवा कंदील आणल्यापासून बाबा एकदाबी नाराज नाई झाले."

"संभालके, बेटा," त्याने मुलाला सांगितलं. सरफराज कमरेला दोर बांधून, भिंतीतल्या दगडांवर पाय रोवत उतरला. तळाशी पोचल्यावर त्याने कमरेचा दोर सोडला आणि फावडं गाळात घातलं. पहिली टोपली काळ्याभोर चिखलाने भरून वर आली. ती रिकामी करून पंजाबरावांनी खाली सोडली. मग बराच वेळ दोर हललाच नाही.

"सरफराज!"

अब्दुल रहीम काठावर पोटावर झोपला आणि खाली पाहू लागला. कंदिलाच्या शेजारी सरफराज भिंतीला टेकून बसला होता. मान छातीवर पडली होती. फावडं बाजूला आडवं झालं होतं. बापाने पुन्हा पुन्हा हाक मारली. पोरगा मान वर करेना.

सत्यभामेच्या हातून ताट निसटलं. पंजाबरावांनी खिशातून मोबाईल काढला. "थांबा, गावातून पोरं बोलावतो. हे काई बरं दिसून नाई राहिलं."

"काई नाई पाटील, चक्कर आली असन. सकाळपासून पोटात काई नाई त्याच्या." अब्दुल रहीमने दोर झाडाला पक्का बांधला. "मी आणतो त्याले वर."

"अहो, तुमी नका उतरू! तुमालेबी काई झालं तं?"

"मले काय होते?" त्याने पहिल्या दगडावर पाय ठेवला. "पाहा ना. दिवा चालू हाये."