मूळ रीळ

चंद्रभानने बापूसाहेबांचं रीळ उजव्या मशीनवर चढवलं. चढवायला हवं होतं डाव्या.

डावं मशीन वाजवणारं, उजवं टेप करणारं. मधल्या वायरीतून गाणं डावीकडून उजवीकडे गेलं की झाली प्रत. पण उजवीकडे भरलेलं रीळ लावून बटण दाबलं, तर त्यावरचं सगळं पुसलं जाणार होतं. चाकं तशीच गोल फिरत राहिली असती. समोर बसलेल्या बापूसाहेबांना काही कळलं नसतं.

ते सकाळच्या मोटारीने अमरावतीहून अकोल्याला, त्याच्या रेडिओच्या दुकानात आले होते. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं गाणं संपलं. त्याआधी परतवाड्याच्या एका हौशी डॉक्टरने त्यांची बैठक टेप केली होती. जन्मभराच्या गाण्यातलं तेवढंच उरलं होतं.

“दोन प्रती काढ,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “एक गायनशाळेला, एक आमच्या चारुशीलेला. तुला आठवत असेल ती.”

आठवत होती. बापूसाहेबांनी त्याला गाण्याच्या वर्गातून काढलं तेव्हा हसणाऱ्या मुलांत त्यांची ही लेकही होती. “तुझ्या गळ्यात सरकी अडकलीय रे. कापसाच्या जिनात जा, तिथे काढून देतात,” असं गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्यानंतर चंद्रभान न्हाणीघरातसुद्धा गुणगुणला नव्हता.

त्याचं बोट बटणावर गेलं.

“थांब. आधी ऐकव. मी स्वतः अजून ऐकलेलं नाही.”

ऐकू दे, चंद्रभानला वाटलं. ऐकल्यावर गेलेलं जास्त झोंबेल. त्याने रीळ डावीकडे घेतलं.

तंबोरे सुरू झाले, मग आवाज आला. बापूसाहेबांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. पंचमावर जाताना आवाज सुराच्या जरा खालीच राहिला. पुन्हा गेला, पुन्हा राहिला. मांडीवरचा हात थांबला.

“मशीन बिघडलंय तुझं.”

“तंबोरे तर बरोबर वाजून राहिले, गुरुजी.”

बापूसाहेब रीळ संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. टेपचं टोक सुटून फटफटू लागलं, तेव्हा त्यांनी चंद्रभानचं मनगट धरलं.

“पुसून टाक. हात जोडतो तुला. कोणी ऐकायच्या आत पुसून टाक.”

चंद्रभानने मनगट हळूच सोडवून घेतलं. मूळ रीळ जपून उलटं गुंडाळलं, पुन्हा डाव्या मशीनवर बसवलं. उजवीकडे नवं कोरं चढवलं.

“असं कसं पुसावं, गुरुजी?” तो म्हणाला. “दोन प्रती तुमच्या. अन् एक माह्याजवळ ठेवतो.”