मुकुटबनचा किल्ला

विठ्ठलरावांचं ते पत्र येऊन सात महिने झाले होते आणि इकबालभाईंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र सहा-सात ओळींचंच होतं. 'इकबाल, मागच्या अकरा पत्रांत तुझा फासा एकदाही तीनच्या वर गेलेला नाही. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. खरं सांग, तू मला जिंकू देतो आहेस का? तसं असेल तर तानाबाई गेल्यापासून मी या टेबलाशी एकटाच बसलो आहे. चाल तुझी.'

लोहाऱ्यात इकबालभाईंच्या खोलीत एक लढाई मांडलेली होती आणि तिकडे मुकुटबनला विठ्ठलरावांच्या ओसरीवर हुबेहूब तीच. दोन्हीकडे तेवढीच प्लायवूडची फळी, तेवढेच खडूचे चौकोन, बोटाच्या पेराएवढे तेच दीडशे शिपाई. तारेवर पुट्टी थापून इकबालभाईंनीच ते घडवले आणि रंगवले होते. हात दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, मग तो शिपायांच्या मिशांवर येऊन थांबला. चाल पत्राने कळवायची. फासा आपापल्या घरी टाकायचा, पडेल तो आकडा लिहायचा आणि दुसऱ्याने तो खरा मानायचा. हा खेळ खेळणारे त्यांच्या माहितीत दोघेच, त्यामुळे पंच कुणी नव्हता.

विठ्ठलरावांची बायको तानाबाई वारली, त्या महिन्यात इकबालभाईंनी पहिल्यांदा पाचाच्या जागी एक लिहिला. उलट टपाली आलेल्या पत्रात विठ्ठलरावांचं अक्षर जरा सावरलेलं दिसलं. म्हणून पुढच्या खेपेलाही त्यांनी तेच केलं. दोन वर्षं करतच गेले. आता 'हो' लिहावं, तर तो माणूस खरोखरच एकटा पडणार. 'नाही' लिहावं, तर गणिताच्या मास्तराला फसवणार कोण? म्हणून ते गप्प राहिले.

दुपारी विठ्ठलरावांच्या मुलीचा, निकिताचा, फोन आला.

"चाचा, नागपूरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. बाबा काही खाऊन नाही राह्यले."

"अन् टेबल?"

"तसंच हाय. मी धूळ झाडाले गेली तं ओरडले माह्यावर. तुमच्या पत्राचं इचारलं, तं म्हणे, उत्तर नाही आलं म्हणजे उत्तर आलंच."

"मी उद्याच..." इकबालभाई म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा त्यांची बायको जैबुनबी दारात उभी होती. "घोड्याच्या डोळ्यात बुबुळ काढता येते तुमाले, अन् दोन ओळी लिवता नाही येत? कायले भेता जी एवढं?"

इकबालभाई उठून टेबलाशी गेले. त्यांचं घोडदळ विठ्ठलरावांच्या किल्ल्याच्या दरवाज्याशी सात महिने थांबलं होतं. पाच किंवा सहा पडला, तर दरवाजा फुटणार आणि किल्ला जाणार. त्याहून कमी पडला, तर घोडदळ संपणार आणि सगळी लढाई विठ्ठलरावांची. त्यांनी ठरवलं, आज पडेल तेच लिहायचं. जाणाऱ्या माणसाशी निदान एकदा तरी खरं खेळायचं. लुडोच्या डब्यातला पिवळट फासा त्यांनी मुठीत खुळखुळवला आणि टाकला.

एक.

ते खुर्चीत बसले. दोन वर्षं खोटा लिहिलेला आकडा आज खरा पडला होता. विठ्ठलराव जिंकले होते, कुणाच्या मेहेरबानीशिवाय जिंकले होते, आणि हे त्यांना पटवून देण्याचा एकही मार्ग इकबालभाईंनी शिल्लक ठेवला नव्हता. बाराव्या पत्रातही एक वाचतील, पत्र उशाखाली सारतील आणि भिंतीकडे तोंड करतील.

जैबुनबीने वाकून फासा पाहिला. "हारले ना? मंग लिवा तसं. गुरुजी खूश होतीन."

"नाही होणार," इकबालभाई म्हणाले.

त्यांनी आंतरदेशीय पत्र काढलं. लिहायला फार वेळ लागला नाही. घड्या घालून कडा चिकटवल्या, पत्ता लिहिला आणि टोपी चढवून ते टपाल कचेरीकडे निघाले. मुकुटबनला पोचायला तीन दिवस. विठ्ठलराव तीन दिवस काढतील की नाही, हे निकितानेही सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. पेटीपाशी ऊन होतं. पत्र आत सारून त्यांनी ते थोडा वेळ दोन बोटांत धरून ठेवलं. मग सोडलं.

आत लिहिलं होतं, 'सहा पडला, गुरुजी. दरवाजा फुटला. किल्ला गेला.'