खंडाचा दिवस

"आज मी ड्युटीवर न्हाई, काकू," बबिता दारातूनच म्हणाली. "उद्या हाय."

"उद्या?" मालनबाई म्हणाल्या. "कळा आज सुटल्यात, बाई."

बाहेर ऑटोत त्यांची सून शिवकन्या पदराचा बोळा दातांत धरून बसली होती. अंगणातून दिसणारं उपकेंद्र कुलूपबंद होतं. बबिता त्याच उपकेंद्राची नर्स, पण आज नाही.

याला तांत्रिक खंड म्हणतात. कंत्राटी नर्सनं अकरा महिने काम करायचं आणि एक दिवस मुळीच करायचं नाही. दुसऱ्या दिवशी नवा हुकूम, पुन्हा पहिला दिवस. उद्या कुणी सलग नोकरीचा दावा सांगायला नको, म्हणून ही सगळी हुशारी. नऊ वर्षं बबिता या गावची बाळंतपणं करत होती आणि कागदावर तिचं एकही वर्ष पुरं भरलं नव्हतं. पलीकडच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं अशाच एका खंडाच्या दिवशी काम करून रजिस्टरवर सही केली. तिला नवा हुकूम आलाच नाही. ती आता कपड्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते.

उपकेंद्राची किल्लीही बबितानं काल संध्याकाळी आरोग्यसेवक नागनाथच्या हवाली केली होती. तो सकाळीच मीटिंगला निघून गेला होता. तिनं ऑटोत वाकून शिवकन्येला तपासलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, केस आलीय. डोकं दिसायलंय. अॅम्ब्युलन्सला तास लागतो म्हणायलेत. ऑटोतून पुढं पाठवलं तर वाटंतच होईल."

"सिस्टर, तुम्ही आज सेवेत नाही." डॉक्टरांचा आवाज शांत होता. "काही बरंवाईट झालं तर मी तुमच्या बाजूनं उभा राहू शकणार नाही. हा फोन तुम्ही केलाच नाही असं समजा."

बबिताला भीती वाटली आणि भीतीपेक्षा संताप जास्त आला. घरात बारावीतली मुलगी होती, अंथरुणावरची आई होती, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. दार लावून घेतलं असतं तर कुणी तिला बोल लावू शकलं नसतं. कागद पूर्णपणे तिच्या बाजूनं होता.

"सिस्टर," शिवकन्या ऑटोतून म्हणाली, "मला मरू देऊ नका."

"आत घ्या तिला," बबिता म्हणाली.

तिनं खोलीत सतरंजी टाकली, वर धुतलेली चादर अंथरली. हातमोजे कुलपाच्या आत होते, म्हणून हात साबणानं कोपरापर्यंत घासले. पोरगी जन्मली ती निळी पडलेली. बबितानं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मालनबाई गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून भिंतीला टेकल्या. बऱ्याच वेळानं पोरगी रडली.

वार पडली, पण रक्त थांबेना. चादर भिजली, सतरंजी भिजली. बबिता दोन्ही हातांनी पोट दाबत होती आणि शिवकन्येचे ओठ पांढरे पडत चालले होते. रक्त थांबवायचं इंजेक्शन वीस पावलांवर, उपकेंद्राच्या फ्रिजमध्ये होतं. हात काढला तर शिवकन्या हातची जाणार होती.

"काकू, कुलूप फोडा. फ्रिजमदी वरच्या कप्प्यात डबी हाय. सुया बाजूच्या टेबलावर."

मालनबाई धावल्या. बाहेर दगडाचे चार घाव वाजले. डबी हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या, "कुलूप म्या फोडलंय. तुमी जागच्या हालला न्हाईत."

इंजेक्शन दिलं. काही वेळानं गर्भाशयाचा गोळा हाताला कडक लागला आणि रक्त ओसरलं. बबिता तिथंच फरशीवर बसून राहिली. अॅम्ब्युलन्स आली आणि मायलेकींना, मालनबाईंना घेऊन गेली.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती मोरीत हात धूत होती. तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"कळलं मला. दोघी बऱ्या आहेत, छान झालं. आता नोंदीचं बघू. प्रसूती उपकेंद्रात झाली असं लिहिता येणार नाही, तिथं आज कुणी नव्हतं. तुमचं नाव तर नकोच. 'घरी, सासूच्या हातून' असं टाका."

"बरं, सर."

"आणि घरी बाळंतपण झालं की जिल्ह्याला खुलासा द्यावा लागतो. तो तुम्हीच द्यायचा. गाव तुमच्याकडे आहे."

"पण सर, मी आज कामावरच नव्हते."

"म्हणून तर खुलाशावर उद्याची तारीख टाका. उद्या तुम्ही सेवेत आहात."

"काय लिहू त्यात?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी छापील नमुन्यातला प्रश्न तिला सावकाश वाचून दाखवला, "प्रसूतीच्या वेळी आपण कुठे होतात?"