सौम्य बातम्या

नानांच्या खोलीतला टीव्ही सांगत होता, "धरणात पाण्याची आवक समाधानकारक आहे." मनगटावरचा पट्टा नाडी मोजायचा आणि सेटटॉप बॉक्स त्या नाडीला झेपेल तेवढीच बातमी द्यायचा. आता घरोघरी असंच होतं.

विशाखाने मात्र गच्चीवर अँटेना लावून, जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं खुलं सॉफ्टवेअर टाकून घरच्या वायफायवर मूळ प्रक्षेपण घेतलं होतं. कणकेचे हात पुसून तिने मोबाईलवर थांबवलेल्या बातम्या पुन्हा चालू केल्या. तीच निवेदिका, तीच निळी साडी, पण शब्द वेगळे होते. "धरणाचे सर्व दरवाजे उघडले आहेत. नदीकाठच्या लोकांनी तत्काळ घरे सोडावीत."

सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, हृदय अधू होतं, तरी तिने धावत जाऊन सांगितलं.

तीस वर्षं त्याच धरणावर नोकरी केलेले नाना शांतपणे उठले. "घाबरू नकोस. इथवर पाणी यायला पाऊण तास लागतो. बातमी आत्ताचीच ना?"

"हो, आत्ताच..." विशाखाची जीभ अडखळली. शेजारच्या वहिनी आल्या म्हणून तिने बातम्या थांबवल्या होत्या आणि सॉफ्टवेअरने त्या इमानेइतबारे तिथूनच पुढे दाखवल्या होत्या. वहिनी चांगल्या तासभर बसल्या होत्या.

नानांनी दार उघडलं.

"विशाखा, माझ्या चपला पायरीवरच होत्या ना गं?"

पायरी पाण्याखाली गेली होती.