माझ्या जागी तुम्ही असता तर

अर्डिसने फोनवर आवाज टिपणं सुरू केलं, फोन पर्समध्ये उभा ठेवला, पर्सची चेन अर्धी उघडी सोडली आणि मगच खुर्ची ओढली. टेबलापलीकडे ऑपल हेन्स्ली बसली होती. गळ्यात राज्याचा परवाना, समोर लॅपटॉप, शेजारी गार झालेली कॉफी. गावच्या वाचनालयात, लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाला लागून, हे टेबल दर नोव्हेंबरला मांडलं जायचं. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांनी इथे यायचं. ऑपलने त्यांचा फॉर्म भरून द्यायचा.

भरून द्यायचा, एवढंच. सगळ्यांना विमा मिळावा असा कायदा वॉशिंग्टनने केला आणि तो या राज्याला नको होता. पाडून पाहिला, पडेना. मग राज्याने ऑपलसारख्या मदतनीसांचीच तोंडं शिवली. कुठली योजना घ्यावी हे मदतनीसाने सांगायचं नाही. सांगितलं तर दंड आणि परवाना रद्द. समोरचा माणूस खड्ड्याकडे चालला असला तरी गप्प बघत बसायचं, हे शहाण्यासुरत्या, टाय लावलेल्या माणसांनी हात वर करून मंजूर केलं होतं. त्यांचे स्वतःचे विमे उत्तम होते.

तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीवर अर्डिसचा नवरा बसला होता. डेल्मर प्रूइट. त्याच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. पडद्यावर दोन योजना होत्या. त्याने विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर कुठली घेतली असती?" ऑपलने पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, की कायद्याने मला सल्ला देता येत नाही. डेल्मरने पहिली घेतली. पहिलीच्या डॉक्टरांच्या यादीत झडप बदलणारा एकही नव्हता. यादीबाहेरच्या डॉक्टरकडे जायची परवानगी मागण्यात चार महिने गेले. परवानगीचं पत्र आलं तेव्हा अर्डिस शेजाऱ्यांची भांडी धुवून परत करत होती. मयताच्या घरी लोक ज्या भांड्यांतून जेवण आणतात ती.

तेही तिने गिळलं असतं. कायदा तो कायदा. पण गेल्या आठवड्यात केस कापता कापता पार्लरवाली सहज म्हणाली, "मिस ऑपल ना? ती सांगते की हल्ली. डिलार्डांच्या सुनेला सरळ म्हणाली, ही घे." अर्डिस अर्ध्या कापलेल्या केसांनी उठून घरी गेली.

डिलार्डांच्या सुनेला सांगितलं. डेल्मरला नाही.

"नाव?" ऑपलने विचारलं.

"अर्डिस कॉब." तिने माहेरचं नाव दिलं. "आज नुसती चौकशी."

"बायांनो, आटपा जरा," मागे रांगेतला म्हातारा हर्शेल म्हणाला. "विमा मिळेपर्यंत माझा हा गुडघा टिकत नाही."

"दुसरा वापर तोवर," अर्डिस मान न वळवता म्हणाली. मग पुढे वाकली. नवऱ्याने घरी येऊन सांगितलेले शब्द तिने जसेच्या तसे वापरले. "हृदयाची झडप बदलायची आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर कुठली घेतली असती?"

ऑपलची बोटं थांबली. ती अर्डिसकडे बघत राहिली.

"दुसरी," ती म्हणाली. "पहिलीला हात लावू नका. पहिलीत तुमचं ऑपरेशन करणारा कुणी नाही."

झालं. हवं ते मिळालं होतं. आता उठायचं आणि जायचं. पण अर्डिसला उठवेना.

"डेल्मर प्रूइटला का नाही सांगितलंत?"

"घाबरले," ऑपल म्हणाली. "परवाना जाईल म्हणून. मला ठाऊक होतं, बाई. त्याने पहिलीवर बोट ठेवलं आणि मी त्या बोटाकडे बघत बसले."

"मी त्याची बायको."

"तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हाच कळलं."

"मग हेही समजून घ्या. सगळं टिपलंय मी. सोमवारी राज्याच्या राजधानीत जाऊन तक्रार देणार. हा गळ्यातला पट्टा उतरलेला बघितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

ती रडेल, हात जोडेल, असं अर्डिसने महिनाभर नाही तरी आठवडाभर मनात रंगवलं होतं. ऑपलने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"तीन वर्षं येईल त्याला सांगतेय," ती म्हणाली. "मोठ्यांदा सांगते. एकाने तक्रार करू नये? मेले उलट केक भाजून आणून देतात मला. सफरचंदाचे. माझी मी तक्रार करायला गेले तर म्हणाले, चालत नाही, ज्याला सल्ला दिला त्यानेच केली पाहिजे. मला तो दंड हवाय, मिसेस प्रूइट. मी तो भरणार नाही. मग त्यांना मला कोर्टात न्यावं लागेल. आणि हा कायदा लिहिणाऱ्यांच्या वकिलांसमोर, शपथेवर, त्यांनी मला काय करायला लावलं ते मी नावानिशी सांगेन. तिथे माझं तोंड शिवता येत नाही त्यांना."

तिने फाइलमधून एक कागद काढून अर्डिसपुढे सरकवला. अर्डिसने चष्मा लावला. राज्याच्या विमा खात्याचा तक्रारीचा फॉर्म होता. कुणाविरुद्ध, परवाना क्रमांक, कुठलं कलम मोडलं, सगळं ऑपलच्याच अक्षरात भरलेलं. सल्ला देण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं होतं, "डेल्मर प्रूइटला दिला नव्हता." तक्रारदाराच्या नावाची ओळ तेवढी कोरी होती.