दोन वर्षं आधी

बाबा गेल्यावर महिन्याभराने ती त्यांची जुनी गाडी घेऊन मेकॅनिककाकांकडे गेली.

"रेडिएटरचे पाइप, पाण्याचा पंप, जे जुनं झालं असेल ते आत्ताच बदलून टाका, काका. वाटेत इंजिन तापलं तर मला यातलं ओ की ठो कळत नाही."

काकांनी बॉनेट उघडून दाखवलं. सगळं नवंकोरं होतं.

"मार्चमध्येच तुझ्या बाबांनी बदलून घेतलं. एरवी वायपरसुद्धा मोडल्याशिवाय न बदलणारा माणूस. मी म्हटलं, अजून दोन वर्षं सहज जातील. तर म्हणाले, दोन वर्षांनी पोरीला आठवण कोण करून देणार?"

ती बॉनेटला धरून उभी राहिली.

बाबांच्या आजाराचा रिपोर्ट फेब्रुवारीत आला होता. थोडेच महिने उरलेत, याबद्दल तिने आणि आईने बाबांना शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नव्हती.